आवाजाआधीचा आवाज

१

सहदेव घाडीने साउंड कार्डाची वायर पाचव्यांदा काढून पुन्हा खोचली तेव्हा रविवारचे साडेदहा वाजले होते. स्वयंपाकघरात नीलम वाटण काढत होती. मिक्सर थांबला की ती हाक मारायची, "झालं का हो?" आणि हा आतून म्हणायचा, "होतंय, होतंय."

होत काहीच नव्हतं. घाटकोपरच्या एका कॉलेजात सहदेव कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा. तिथून निकालात काढलेला एक कॉम्प्युटर त्याने मुलुंडच्या घरी आणला होता. त्यावर विंडोज धापा टाकायचं, म्हणून लिनक्स चढवलं होतं. मुलगी श्रुतिका पुण्याला हॉस्टेलवर गेल्यापासून आतली खोली रिकामी होती. तिथे भिंतींना जुन्या गोधड्या टांगून, मधोमध स्टँडवर एक माइक लावून, त्याने रेकॉर्डिंगची सोय केली होती. साउंड कार्ड म्हणजे तळहातावर मावेल अशी निळी डबी. एका बाजूने माइकचा आवाज आत जाणार, दुसऱ्या बाजूने हेडफोनमध्ये बाहेर येणार. कॉम्प्युटरला डबी दिसत होती, पण तिच्याशी बोलायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. ते शिकवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, कंपनीने लिनक्ससाठी बनवलाच नव्हता. कुणा हौशी माणसाने लिहून नेटवर ठेवलेला एक सापडला. तो उतरवून घेऊन सहदेव सकाळपासून काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत बसला होता.

अकराच्या सुमाराला डबीवरचा हिरवा दिवा लागला.

"लागला गं!" तो ओरडला.

"मग आता खालून कोथिंबीर घेऊन या," नीलम म्हणाली.

कोथिंबीर निवडून घेताना त्याच्या मनात आलं, एवढी सगळी खटपट मी कुणासाठी करतोय? आणि उत्तर माहीत असल्यामुळे त्याचं तोंड कडू झालं.

खटपट हर्षदसाठी होती. रवळनाथ प्रासादिक भजन मंडळात राजाराम बुवा गिरणीत होते तेव्हापासून पेटीवर बसत, म्हणजे मुख्य गायक तेच. सहदेव वीस वर्षं त्यांच्या मागे कोरसात होता. बुवांची पेटी उचलून टेम्पोत चढवणारा तो, त्यांच्या भजन-गजरांच्या वह्या फाटल्या तर शिवून आणणारा तो. सत्तरी उलटल्यावर, ह्या श्रावणात, बुवांनी पेटी सोडत असल्याचं जाहीर केलं. सगळ्यांनी सहदेवकडे पाहिलं. बुवांनी पाहिलं ते हर्षदकडे, मंडळात येऊन जेमतेम चार वर्षं झालेल्या, एकोणतीस वर्षांच्या हर्षदकडे.

मग बुवांनी सहदेवला बाजूला घेतलं. "सहदेवा, तुझो आवाज बरो आसा. पण तो सुराच्या मागसून येता रे. हर्षद सुराच्या आधी जाऊन बसता. ह्या शिकवून येणा नाय."

डिसेंबरात बोरिवलीला डबलबारी ठरली होती. दोन मंडळांचे बुवा समोरासमोर बसणार, एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला गाऊन उत्तर द्यायचं, हजारभर माणसं ऐकणार. त्याआधी हर्षदचा नवा गजर मंडळाच्या यूट्यूबवर टाकायचा होता. "तुझ्याकडे ता कॉम्प्युटर आसा मां," बुवा म्हणाले. "तूच रेकॉर्ड कर."

सहदेव हो म्हणाला होता. वीस वर्षं तो हेच करत आला होता.

२

जेवण झाल्यावर तो पुन्हा आतल्या खोलीत बसला. एक काम राहिलं होतं.

आवाज कॉम्प्युटरमध्ये सलग जात नाही, बादलीबादलीने जातो. एक बादली भरली की आत ओतायची, मग दुसरी. ह्या बादलीला बफर म्हणतात. बादली मोठी असली की ती भरेपर्यंत वेळ जातो, आणि गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो. मग त्याची लय बिघडते. बादली लहान केली की उशीर कमी. पण फार लहान केली तर कॉम्प्युटरची दमछाक होते आणि आवाज फाटतो.

उशीर मोजायचा एक साधा प्रोग्राम होता. डबीच्या बाहेरच्या तोंडातून आतल्या तोंडात एक वायर जोडायची. प्रोग्राम एक टिचकी सोडतो आणि ती किती वेळाने परत आली ते मिलिसेकंदांत सांगतो. सहदेवने मोठ्या बफरपासून सुरुवात केली. शेहेचाळीस. निम्म्याहून खाली आणला, बारा. आणखी खाली, चार. सोळाच्या बफरला दोन. आवाज कुठेही फाटत नव्हता. मग केवळ गंमत म्हणून त्याने आठ टाइप केलं. इतका लहान बफर कुठलंच कार्ड घेत नाही. ड्रायव्हरने नाही म्हणायला हवं होतं.

ड्रायव्हरने घेतलं. पडद्यावर आकडा आला: उणे तीन.

सहदेवने चष्मा पुसला. पुन्हा टिचकी सोडली. उणे तीन. म्हणजे सुटण्याच्या तीन मिलिसेकंद आधी टिचकी परत आली होती. तो स्वतःशीच हसला. हौशी माणसाचं काम, कुठेतरी अधिकउण्याची गफलत केली असणार. लॅबमध्ये अशा चुका त्याने पोत्याने पाहिल्या होत्या.

त्याने वायर काढली, माइक लावला, हेडफोन चढवले, आणि चालीचा अंदाज घ्यायला नुसता 'आ'कार लावला.

त्याच क्षणी त्याच्या अंगावर काटा आला. सूर त्याच्या गळ्यातून निघण्याआधी, केसभर आधी, कानात लागलेला होता. पायरी उतरताना पाय टेकायच्या आधीच जमीन वर यावी तसं. त्याला फक्त त्या सुरावर जाऊन उभं राहायचं होतं. तो उभा राहिला. मग पुढच्या सुरावर, मग त्याच्या पुढच्या.

त्याने हेडफोन काढले तेव्हा दारात नीलम उभी होती. हात ओले होते, पदराला पुसायचे राहिले होते.

"तुम्ही गात होतात?"

"मग कोण?"

"नाही… मला वाटलं हर्षद आला की काय."

एवढं बोलून ती गेली. तिला ते कौतुक वाटलं होतं. सहदेव मात्र संध्याकाळपर्यंत त्या एका वाक्याशी झगडत बसला.

३

बुधवारी मंडळाची तालीम होती. सहदेव मनात काहीतरी बांधून गेला होता. कोरसाच्या दुसऱ्या फेरीला त्याने आवाज मोकळा सोडला, आणि तो जुनाच निघाला. सुराच्या मागून, लंगडत. कुणाचं लक्षही गेलं नाही. मग हर्षदने पेटीवर बोटं ठेवली, डोळे मिटले, आणि समोर बसलेली दहा-बारा माणसं नकळत पुढे झुकली. सहदेवही झुकला. आपण झुकलो हे ध्यानात आल्यावर त्याने पाठ भिंतीला टेकवली.

"सहदेवदा, काही चुकतंय का?" तालीम संपल्यावर हर्षदने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती, हेच सगळ्यात वाईट होतं.

"नाही रे. झकास."

घरी कॉम्प्युटर चालूच ठेवला होता. कॉलेजातून आल्यावर चहाआधी सहदेव त्या खोलीत जायचा. अंतर वाढत होतं. सोमवारी केसभर होतं ते मंगळवारी श्वासभर झालं. बुधवारी एक अख्खी ओळ आधी ऐकू आली, आणि त्या ओळीत एक जागा होती, खालच्या सुरावरून अलगद वळून वर येणारी, जी त्याने आयुष्यात कधी घेतली नव्हती. त्याने ती ऐकली आणि जशीच्या तशी गायली.

मग तो थबकला. ऐकली म्हणून गायलो. गायलो म्हणून ऐकू आली. पण मुळात सुचली कुणाला?

गुरुवारी सहा वाजून वीस मिनिटांनी हेडफोनमध्ये समोरच्या देवळातली सातची आरती सुरू झाली. त्याने हेडफोन उतरवले. बाहेर नुसती कबुतरं घुमत होती. चाळीस मिनिटांनी खरी आरती झाली, झांज मध्येच एकदा चुकली, तीसुद्धा ऐकल्याप्रमाणेच.

शहाणा माणूस इथे वायर काढून डबी फेकून देतो. सहदेव शहाणा होता, म्हणून तो कारणं शोधत बसला. कालच्या आरतीचं रेकॉर्डिंग कुठेतरी अडकून राहिलं असेल. झांज रोजच चुकत असेल. कानाला सवय झाली की भास होतात. प्रत्येक कारण त्याने नीट मांडून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी हेडफोन पुन्हा चढवले.

शनिवारी सुट्टी होती. दुपारी तीन वाजता कानात सातची आरती आली. चार तास. आणि आरतीनंतर, गोधड्यांच्या त्या खोलीत, तो स्वतः गात होता. अजून न आलेल्या संध्याकाळी. काय गात होता! आवाजात गोडवा होता, घाई नव्हती, कुणाला काही दाखवायचं नव्हतं. खुर्चीत बसलेल्या सहदेवला रडू आलं, आणि रडता रडता राग आला. वीस वर्षं मी खपलो, आणि हे ह्याला मिळालं. चार तासांनी येणाऱ्या स्वतःचा त्याला हेवा वाटला.

संध्याकाळी आरती झाल्यावर तो तेच गायला. बरं झालं. पण दुपारी ऐकलं होतं तितकं चांगलं झालं की नाही, हे त्याला सांगता येईना.

४

रविवारी अकराला पाच कमी असताना हर्षद आला. बाइकची चावी बोटावर फिरवत, घामाने डवरलेला. नीलमने पाणी दिलं.

"वहिनी, वास काय सुटलाय!"

"कोंबडी शिजतेय. आत गा आधी."

सहदेवने रात्रीच ठरवलं होतं, हर्षद आला की बफर पुन्हा मोठा करायचा. एक आकडा बदलायचा होता, बस. अंतर आता चार तासांवरच अडलं होतं. आकडा बदलल्याशिवाय हर्षदचा आवाज रेकॉर्ड होणारच नव्हता, चार तासांनंतरची रिकामी खोली तेवढी रेकॉर्ड झाली असती. त्याचं बोट त्या आकड्यावर गेलं. तेवढ्यात हर्षद माइकसमोर मांडी घालून बसला, पेटी पुढ्यात ओढली, आणि म्हणाला, "काल बुवांकडे गेलो होतो. ते म्हणाले, सहदेवला तुझ्या मागे बसव, तो कधी साथ सोडणार नाही."

तो हे मोठ्या मायेने बोलला होता.

सहदेवने आकडा बदलला नाही. हेडफोन चढवले आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पडद्यावर वेळ उमटली, अकरा वाजून सहा मिनिटं. "कर सुरू," तो म्हणाला.

हर्षदने डोळे मिटले. त्याचा गळा हलू लागला, मानेची शीर वर आली, भाता मागेपुढे होऊ लागला. आणि सहदेवच्या कानात त्यातलं काही नव्हतं. जाड हेडफोनच्या बाहेर कुठेतरी दूर, शेजारच्या इमारतीत कुणी गात असावं, एवढंच. कानात दुपारची शांतता होती. पंख्याची घरघर. एक कबुतर. सहदेवला इतकं हायसं वाटलं की तो खुर्चीत मागे रेलला. ज्या गाण्याने त्याची झोप उडवली होती ते त्याच्या समोर चाललं होतं आणि त्याला ते ऐकावं लागत नव्हतं.

सात-आठ मिनिटं अशीच गेली. मग कानात फोन वाजला.

नीलमचा फोन, बाहेरच्या खोलीत. तिची पावलं. "हॅलो? हां, बोला ना…" मग बराच वेळ काही नाही. "काय? कोण हर्षद? आपला हर्षद?… नाही हो, असं कसं…" आणि मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला, जो पंचवीस वर्षांच्या संसारात सहदेवने ऐकला नव्हता. पावलं धावत जवळ आली. दार उघडलं.

"अहो, हर्षद गेला."

मग त्याचा स्वतःचा आवाज, माइकच्या अगदी जवळून.

"कधी?"

सहदेवने हेडफोन ओढून काढले.

त्या एका शब्दात काय होतं ते त्याला चांगलं कळलं होतं. शब्द हळू होता, सभ्य होता. पण वीस वर्षं डोक्यावर घेतलेलं ओझं कुणीतरी उतरवून खाली ठेवावं, तसा तो सुटला होता.

समोर हर्षद गातच होता. आता तो उघड्या कानांनी ऐकू येत होता. वीस मिनिटं आणखी गायला. शेवटचा गजर संपवून त्याने डोळे उघडले तेव्हा कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"कसं झालं दादा? ऐकव ना."

"नंतर. साफ करून पाठवतो." सहदेवने रेकॉर्डिंग थांबवलं.

दारात नीलम उभी होती. "किती छान गायलास रे! मघाशी येऊन डोकावले, पण तुम्ही दोघं आपल्याच तंद्रीत. आता जेवूनच जा."

हर्षदने बाइकची चावी हातात घेतली होती, ती पुन्हा खिशात टाकली. त्याने सहदेवकडे पाहिलं. "थांबू का दादा?"

सहदेवच्या मनात सगळं एकदम गोळा झालं. थांब म्हण. काय सांगणार, का थांब? साउंड कार्डात ऐकलं? मंडळात हसतील. बुवा म्हणतील, पेटी गेली म्हणून डोकं फिरलं. आणि ड्रायव्हर म्हणजे शेवटी चार ओळींचा प्रोग्राम, त्याला काय कळतं? शिवाय थांबला तर तासभर थांबेल, संध्याकाळपर्यंत थोडाच थांबणार आहे? इतकी कारणं, आणि सगळी पटण्यासारखी.

"तिकडे विनिता वाट बघत असेल," हर्षदच्या बायकोचं निमित्त पुढे करत तो म्हणाला. "पुन्हा ये की. आज कशाला?"

नीलमने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. हर्षद हसला. "बरोबर. वहिनी, उधार राहिली कोंबडी."

लिफ्टचं दार ओढल्याचा आवाज आला.

५

जेवण सहदेवला गेलं नाही. कानात ऐकलेला फोन चार तासांनी, सव्वातीनला, खरा वाजायचा होता. आत्ता एक वाजला होता.

दीडला त्याने हर्षदला फोन लावला. तीन वेळा वाजला आणि उचलला. मागे रस्त्याचा गोंगाट होता.

"बोला दादा. मी अजून बाहेरच आहे, भांडुपला मित्राकडे चाललोय. काय झालं? रेकॉर्डिंग गेलं का?"

"नाही, नाही." सहदेवच्या घशाशी शब्द आला होता. बाइक तिथेच ठेव. रिक्षाने घरी जा. एवढं बोलायला कुठल्या पुराव्याची गरज नव्हती. "चुकून लागला रे फोन."

"ठीक. आणि दादा, थँक्यू. आज मला गाताना खूप बरं वाटलं."

फोन ठेवून सहदेव गॅलरीत गेला. पायात चपला सरकवल्या. खाली जावं, भांडुपला जावं, पण कुठल्या मित्राकडे हे विचारलंच नव्हतं. पुन्हा फोन करून विचारता आलं असतं. तो जिना दोन मजले उतरला, तिथे थांबला, आणि परत वर आला. मला भास झाला असेल तर सगळं ठीकच आहे, तो स्वतःला म्हणाला. आणि भास नसेल तर जे व्हायचं ते ऐकून झालेलंच आहे.

पावणेतीनला नीलमने विचारलं, "बरं नाही का वाटत?"

"थोडा पडतो आत," तो म्हणाला. पण पडला नाही. श्रुतिकाच्या खोलीत, माइकपाशी त्या खुर्चीत जाऊन बसला. त्याने एक गोष्ट मात्र पक्की केली होती. फोन आलाच, तर आपण तो शब्द म्हणायचा नाही. किंचाळायचं, उठून उभं राहायचं, काहीही, पण तो शब्द नाही.

६

सव्वातीनला फोन वाजला.

पावलं. हॅलो. मधली शांतता. सगळं ठरल्याबरहुकूम, कोकणातल्या गावी नाटकाची तालीम पाहून मग नाटक पाहावं तसं. दार उघडलं. नीलमचा चेहरा मात्र सकाळी नुसतं ऐकताना त्याला दिसला नव्हता.

"अहो, हर्षद गेला."

आणि सहदेवला अगदी खरोखर, काळजाच्या तळापासून जाणून घ्यायचं होतं की हे आपल्या फोननंतर किती वेळाने झालं.

"कधी?" त्याने विचारलं.

"आत्ता… अर्धा तास झाला. पुलाच्या उतारावर बाइक घसरली. हॉस्पिटलात नेईपर्यंत…" ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. मग तीच उठली, पर्स शोधली, पायात उलट्या चपला घातल्या. "विनिता एकटी आहे. मी पुढे होते. तुम्ही बंद करून या."

ती गेली. घरात तो एकटा राहिला.

उठायला हवं होतं. गॅस बघायला हवा होता, किल्ली घ्यायला हवी होती. तो बसून राहिला. समोर माइक होता आणि भिंतींवर गोधड्या होत्या. थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आलं की आपण गुणगुणतोय. सकाळी हर्षदने गायलेला गजर. आधी हळू, मग थोडा मोकळा, मग पूर्ण गळ्याने. कानाला हेडफोन नव्हते. तरी प्रत्येक सूर आधीच जागेवर होता. त्याला कुठेही धावावं लागत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीही त्याच्या पुढे नव्हतं.

पंधरा मिनिटांनी त्याने तोंड धुतलं, घर बंद केलं आणि तो हॉस्पिटलात गेला. तिथे तो सगळ्यांपेक्षा जास्त रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

७

त्या रात्रीच त्याने ड्रायव्हर काढून टाकला. डबी माळ्यावर, जुन्या बादल्यांच्या मागे ढकलली. पण अकरा वाजून सहा मिनिटांची ती फाइल त्याने पुसली नाही आणि ऐकलीही नाही. ऐकली नाही तोवर तिच्यात हर्षदचं गाणं असू शकत होतं. मग सगळा खेळ आपल्या डोक्यातला ठरला असता, आणि आपण एका मित्राला जेवायला थांबवलं नाही, एवढाच आपला गुन्हा राहिला असता.

मंडळाने पेटी सहदेवपुढे ठेवली. बोरिवलीची बारी रद्द करू नये, असं विनितानेच कळवलं होतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी, दुपारी, ती राजाराम बुवांना घेऊन घरी आली. पाण्याचा ग्लास हातात धरून बसून राहिली. मग म्हणाली, "दादा, त्या दिवशी सकाळी ते तुमच्याकडे गायले ना? मला एकदा ऐकायचंय."

"ते… ते नीट आलं नाही गं. कार्ड बिघडलं होतं."

"आहे हो," नीलम म्हणाली. "मी स्वतः ऐकलंय, अर्धा तास गात होता. जसं असेल तसं. तिला काय करायचंय साफसफाईचं?" आणि सहदेव उठायच्या आत ती आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली. तारीख पाहून फाइल शोधायला तिला मिनिटसुद्धा लागलं नाही.

बुवांना खुर्ची दिली. विनिता खाली बसली, माइकच्या स्टँडपाशी, नेमकी जिथे हर्षद बसला होता तिथे. स्पीकर सुरू झाले.

पंख्याची घरघर. एक कबुतर.

"सुरुवातीला रिकामं आहे वाटतं," नीलम म्हणाली आणि तिने माऊसने फाइल पुढे सरकवली.

फोन वाजला. नीलमने सवयीने बाहेरच्या खोलीकडे मान वळवली. बाहेर कुठलाच फोन वाजत नव्हता. स्पीकरमधून तिचाच आवाज आला. हॅलो. काय? कोण हर्षद? आपला हर्षद? विनिताने दोन्ही हात तोंडावर घेतले. कुणी फाइल थांबवली नाही. अहो, हर्षद गेला.

"कधी?" स्पीकरमधला सहदेव म्हणाला.

पुढचं सहदेवला ठाऊक नव्हतं, कारण हेडफोन त्याने तिथेच काढले होते. पण पुढे काय असणार हे त्याला आता कळलं. नीलमची धावपळ, उलट्या चपला, दार. मग गुणगुण. मग गाणं. हर्षदचा गजर, सहदेवच्या आवाजात, तृप्त, भरलेला, एकही सूर मागे न राहिलेला. राजाराम बुवांची मान खाली होती, पण त्यांच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली होती. त्यांना ते समजत नव्हतं. सहदेवला दिसत होतं, आणि एवढ्यातही, लाज वाटावी अशी एक ऊब त्याच्या छातीत पसरली.

विनिता उठली. "त्यांचं गाणं पुसून त्यावर तुमचं रेकॉर्ड केलंत? त्याच दिवशी? ते गेल्याचं कळल्यावर?"

खरं सांगण्यापेक्षा हे सोपं होतं. "चुकून झालं," सहदेव म्हणाला.

विनिताने बुवांचा हात धरून त्यांना उठवलं. बुवा दारापर्यंत गेले, वळून त्यांनी एकदा स्पीकरकडे पाहिलं, आणि तसेच गेले.

नीलम उठली नव्हती. ती पडद्यावर बोट ठेवून बसली होती.

"इथे अकरा वाजून सहा लिहिलंय."

"कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल."

तिने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं, मग हातातल्या घड्याळात. दोन्हीकडे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने खुर्ची हळूच वळवली.

"सकाळी अकराला मी हर्षदसाठी रडतेय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "आणि तुम्ही ते कानाला लावून बसला होतात. तो समोर गात होता आणि तुम्ही एकदम हेडफोन ओढून काढलेत. मी दारातून बघितलं होतं. मला वाटलं, गाणं सहन झालं नाही तुम्हाला."

सहदेवने स्टँडवरचा माइक उगाच सरळ केला.

"तो थांबत होता हो," नीलम म्हणाली. "चावी खिशात टाकली होती त्याने."

ती उठली. श्रुतिकाच्या कपाटावरची बॅग तिने खाली काढली, बाहेरच्या खोलीत नेली, आणि कपडे भरायला लागली. स्पीकरमधला माणूस अजून गातच होता, आता शेवटच्या, सगळ्यात वरच्या सुराकडे निघाला होता. सहदेवने आवाज बंद केला नाही. ऐकत उभा राहिला. इतकं चांगलं त्याला परत कधीच गाता येणार नव्हतं.